आमदारकीच्या उमेदवाराचं पत्रक कसं वाचावं?

२०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागांसाठी मतदान झालं. तेव्हाच्या ग्रामीण उमेदवारांची पत्रकं कुणी जपून ठेवली असतील तर ती शेजारी शेजारी मांडून पाहा. फोटो आणि चिन्ह झाकलं, तर कुठलं पत्रक कुणाचं ते ओळखणं कठीण जाईल. पाणंद रस्ते (शेताकडे जाणाऱ्या वाटा), दिवसा वीज, पिकाला भाव, ग्रामीण रुग्णालयाचं श्रेणीवर्धन, रखडलेल्या धरणाचं पाणी, कर्जमाफी. यादी तीच, क्रम वेगळा.

यादी चुकीची नाही, गावाच्या गरजा याच आहेत. अडचण वेगळीच आहे. यातली प्रत्येक ओळ वेगळ्या कचेरीत जाते, वेगळ्या खात्यातून पैसे मागते आणि वेगळ्या कारणाने अडकते. पत्रकावर मात्र सगळ्या ओळी एकाच ठशात छापलेल्या असतात.

विहीर एकाची, मोटार दुसऱ्याची

सामाईक विहिरीवर पाणी मिळेना तर आधी पाहावं लागतं की आटलं पाणी, जळली मोटार की गेली वीज. सरकारचंही तसंच. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी आहे. शेती, जमीन, पाणी, सार्वजनिक आरोग्य, बाजार आणि ग्रामपंचायतींसह सगळ्या स्थानिक संस्था राज्याकडे आहेत. शिक्षण आणि वीज केंद्र आणि राज्य दोघांकडे. परदेशी व्यापार, म्हणजे निर्यातबंदी आणि आयातशुल्क, फक्त केंद्राकडे.

कांद्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली. मे २०२४ मध्ये ती उठली, पण ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरात ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. लासलगावच्या बाजारात दर हलवणारे हे सगळे निर्णय दिल्लीत झाले. ‘निवडून आलो तर कांद्याची निर्यात खुली करतो’ असं विधानसभेचा उमेदवार म्हणत असेल, तर तो दुसऱ्याच्या खळ्यातलं धान्य वाटतोय. कांदाचाळीला अनुदान, बाजार समितीतली वजनकाट्याची तपासणी, लिलावानंतर रोख पैसे मिळण्याची व्यवस्था, हे मात्र राज्याच्या हातातलं आहे. तिथे त्याला जरूर धरावं.

पाच कोटींचं गणित

आमदार म्हटलं की लोकांना आधी आमदार निधी आठवतो. त्याचं पूर्ण नाव आमदार स्थानिक विकास निधी. महाराष्ट्रात तो सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. आकडा मोठा वाटतो, म्हणून भागाकार करून पाहू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख. २८८ ने भागली की एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ९० हजार माणसं. म्हणजे माणशी वर्षाला साधारण १२८ रुपये. मतदारसंघात १२० गावं धरली तर गावाला चार लाखांच्या आसपास. तेवढ्यात एखादं सभागृह अर्धं होतं, नाहीतर गल्लीत पेव्हर ब्लॉक बसतात.

हे पैसे आमदाराच्या हातात येतच नाहीत. तो काम सुचवतो. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, कागदपत्रं जिल्हा नियोजन कार्यालयाची, काम जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या यंत्रणेकडून. निधी सार्वजनिक मालमत्ता उभी करण्यासाठी आहे. डॉक्टरचा किंवा शिक्षकाचा पगार त्यातून होत नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग एवढे रस्ते होतात कुठून?

रास्त शंका आहे. फलकावर ‘आमदारांच्या विशेष प्रयत्नातून’ असं लिहिलेली बहुतेक कामं आमदार निधीतली नसतातच. ती सरकारच्या इतर लेखाशीर्षांतून होतात. लेखाशीर्ष म्हणजे सरकारी खर्चाच्या वहीतलं पान. कुठलाही रुपया कुठल्यातरी पानावर लिहिल्याशिवाय खर्च होत नाही. गावच्या राजकारणात ही पानं नंबरानेच ओळखतात. ‘२५१५’ म्हणजे ग्रामविकास खात्याचं, लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांचं. ‘३०५४’ म्हणजे रस्त्यांची दुरुस्ती, ‘५०५४’ म्हणजे रस्त्यांचं नवं काम. शिवाय जिल्हा वार्षिक योजना असते. तिचं वाटप जिल्हा नियोजन समिती करते आणि अध्यक्षपदी पालकमंत्री असतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी राज्यभरात मिळून सुमारे २० हजार कोटी ठेवले होते. सगळ्या विधानसभा सदस्यांचा आमदार निधी एकत्र केला तरी १,४४० कोटी होतो. वजन कुठे आहे ते यावरून कळतं.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी विचारावी: रस्ता कुणाचा? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग (बोलताना ‘इजिमा’) जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग (‘प्रजिमा’) आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. खड्डा एकच असतो, अर्ज मात्र तीन कचेऱ्यांत फिरतो.

पाणंद रस्त्याचं दुखणं तर पुष्कळदा पैशाचं नसतंच. वाट नकाशावर असते आणि जमिनीवर कुणीतरी नांगरून टाकलेली असते. वापरातली वाट अडवली असेल तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. बांधावरून नवी वाट हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे. मोजणी आणि अतिक्रमण काढणं आधी, मुरूम नंतर. ‘शंभर किलोमीटर पाणंद’ म्हणणाऱ्या उमेदवाराला त्यातले किती किलोमीटर मोकळे आहेत ते विचारावं.

पत्रापासून डांबरापर्यंत

आमदाराचं पत्र गेलं की काम झालं, असा गावात समज असतो. पत्र ही फक्त पहिली पायरी. त्यानंतर शाखा अभियंता जागेवर येऊन जिल्हा दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते, म्हणजे हिशोब आणि आराखडा बरोबर आहे असं वरिष्ठ अभियंत्याने म्हणणं. प्रशासकीय मान्यता वेगळी: हे काम एवढ्या पैशांत करायला सरकारची हरकत नाही. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, आणि शेवटी देयक.

लग्नाच्या भाषेत सांगायचं तर प्रशासकीय मान्यता म्हणजे सुपारी फुटली. कार्यारंभ आदेश म्हणजे अक्षता पडल्या. भूमिपूजनाचे नारळ मात्र बरेचदा सुपारीलाच फुटतात.

अडतं कुठे? पहिलं, जागेत. समाजमंदिर किंवा अंगणवाडी बांधायची जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसते. देणाऱ्याने शब्द दिलेला असतो, पण बक्षीसपत्र झालेलं नसतं. दुसरं, रस्त्याला क्रमांक नसतो. रस्ते विकास आराखड्यात ज्याची नोंद नाही त्या वाटेवर रस्त्याच्या लेखाशीर्षातून पैसे टाकणं अवघड. आधी ती वाट ग्रामीण मार्ग म्हणून नोंदवून घ्यावी लागते. या कामाला एक रुपया लागत नाही, लागतो तो पाठपुरावा. त्याचा फलक लागत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. तिसरं, तेच काम दोन लेखाशीर्षांत सुचवलेलं असतं आणि तपासणीत दोन्हीकडून परत येतं. चौथं, मार्चअखेर. निधी वर्षाच्या शेवटी उतरतो, मग घाईत थंड डांबर पसरलं जातं आणि पहिल्या पावसात खडी वर येते.

पाचवं कारण सगळ्यांत मोठं: अपुरी तरतूद. काम १० कोटींचं मंजूर होतं, पण अर्थसंकल्पात त्यापुढे कोट-दीड कोट ठेवलेले असतात. कधी नुसती टोकन तरतूद असते, म्हणजे नाव यादीत यावं एवढ्यापुरती किरकोळ रक्कम. ‘अर्थसंकल्पात आलं’ हे वाक्य तरीही खरंच असतं. ठेकेदार पहिलं देयक निघेपर्यंत काम करतो आणि मग मशीन उचलून नेतो. २०२५ मध्ये थकलेल्या देयकांसाठी ठेकेदारांनी राज्यभर आंदोलनं केली ती याच कारणाने. तेव्हा उमेदवार ‘एवढ्या कोटींची कामं मंजूर करून आणली’ म्हणाला, की पुढचा प्रश्न एकच: त्यातली तरतूद किती आणि वितरित किती?

बैल घेणं आणि बैल पोसणं

बैल एकदा विकत घ्यायचा असतो, वैरण रोज घालावी लागते. सरकारी भाषेत पहिला भांडवली खर्च, दुसरा आवर्ती. निवडणुकीचं राजकारण पहिल्याकडे झुकतं, कारण इमारतीचं उद्घाटन होतं. रिकामी जागा भरल्याचं होत नाही. गावाचं बरंचसं दुखणं मात्र दुसऱ्यात आहे.

आरोग्यात हे स्पष्ट दिसतं. निकष असे: साधारण ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात अनुक्रमे ३ हजार आणि २० हजार. उमेदवार ‘३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय ५० खाटांचं करू’ म्हणतो. खाटा आणि खोल्या पैशांनी होतात. पण भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका यांची पदं वेगळी मंजूर करून घ्यावी लागतात. त्याला वित्त विभागाची संमती लागते, कारण एक पद म्हणजे पुढची तीस वर्षं पगार आणि मग निवृत्तिवेतन. पद मंजूर झालं की ते भरायचं, भरलं की माणूस तालुक्याला टिकवायचा. त्यासाठी राहायला धड घर हवं. सिझेरियनची सोय असलेल्या खोलीला भूलतज्ज्ञाअभावी कुलूप असेल, तर गरोदर बाई जिल्ह्यालाच जाते. आणि आमदार निधीतून पगार होत नाही, ते वर आलंच.

नळपाणी योजनांचंही असंच. २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे लक्ष्य आहे, आणि महाराष्ट्रात खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. टाकी झाली, नळ आले. पंपाचं वीजबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार आणि फुटलेल्या जलवाहिनीची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात. पाणीपट्टी निम्मी वसूल होत असेल तर दोन वर्षांत योजना बंद पडते, आणि पुढच्या निवडणुकीला त्याच गावाला ‘नवी योजना’ मिळते. पंधराव्या वित्त आयोगाने गावांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता.

भाव द्या, कर्ज माफ करा: हे तरी राज्याचं ना?

अर्धं-अर्धं आहे. हमीभाव केंद्र जाहीर करतं. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ मध्ये क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पुढच्या वर्षी ५,३२८. बाजारात त्याखाली विक्री होत असताना २०२४ च्या प्रचारात सहा-सात हजारांची भाषा झाली. राज्य हा फरक स्वतःच्या तिजोरीतून देऊ शकतं, त्याला भावांतर म्हणतात. त्याचा हिशोब ढोबळ का होईना करायला हवा. राज्यात सोयाबीनचा पेरा ५० लाख हेक्टरच्या आसपास. हेक्टरी १० क्विंटल उतारा धरला तर ५ कोटी क्विंटल. क्विंटलमागे १,००० रुपये द्यायचे म्हटले तर एका पिकाला एका हंगामात ५,००० कोटी. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प मांडताना महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर दाखवली होती. अशक्य नाही, पण कशाला कात्री लावणार ते सांगावं लागेल. २०२३ च्या खरिपासाठी राज्याने कापूस आणि सोयाबीनला मदत दिली तेव्हा ती क्विंटलवर नव्हती. हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. कारण विक्रीच्या पावत्या तपासण्यापेक्षा क्षेत्र मोजणं सोपं.

एकटा आमदार इथे काय करू शकतो? हमीभावाचं खरेदी केंद्र तालुक्यात वेळेवर सुरू करून घेऊ शकतो. ऐन हंगामात बारदाना संपतो, नोंदणीची मुदत निघून जाते, ओलावा १२ टक्क्यांच्या वर आहे म्हणून माल परत जातो. २०२४ मध्ये ही ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली, पण तोवर अनेकांनी व्यापाऱ्याला माल घालून टाकला होता. पंधरा दिवस आधी केंद्र उघडणं हे शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठ्या घोषणेपेक्षा जास्त पैशांचं आहे.

कर्जमाफी मंत्रिमंडळाचा निर्णय असतो. २०१७ च्या योजनेत मर्यादा दीड लाखाची होती, २०१९ च्या योजनेत दोन लाखांची. खरी गंमत अटींत असते. २०१९ मध्ये थकबाकी दोन लाखांच्या वर गेलेला शेतकरी पूर्ण बाहेर राहिला, आणि नियमित फेडणाऱ्याला वेगळ्या ५० हजारांच्या प्रोत्साहनाची वाट पाहावी लागली. उमेदवार ‘सरसकट’ म्हणत असेल तर कोणत्या तारखेची थकबाकी, पीककर्जच की मध्यम मुदतीचंही, आणि फेडणाऱ्याचं काय, एवढे तीन प्रश्न पुरेत.

धरणाचं पाणी या टर्ममध्ये येईल का?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निळवंडे प्रकल्पाला १९७० मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अंदाज सुमारे ८ कोटींचा होता. डाव्या कालव्यात पाणी सोडण्याचा कार्यक्रम ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि खर्च ५,१७७ कोटींवर पोचला. मधल्या ५३ वर्षांत दर बदलले, धरणाची जागा बदलली, पुनर्वसन झालं, कालव्यांचं भूसंपादन अडलं. खर्च वाढला की ‘सुप्रमा’ लागते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. ती मिळेपर्यंत काम मुंगीच्या पावलाने चालतं, आणि तोवर दर पुन्हा वाढलेले असतात.

त्यामुळे भिंत उभी राहिली का, यापेक्षा चाऱ्या आणि पोटचाऱ्यांचं, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या लहान पाटांचं, भूसंपादन किती गावांत झालं, हे विचारणं उपयोगाचं. पाणी भिंतीतून शेतात येत नाही.

विधानसभेत बोलून होतं तरी काय?

आमदार अर्थसंकल्पात एक रुपयाही वाढवू शकत नाही. घटनेच्या कलम २०३ प्रमाणे सभागृह खात्याच्या खर्चाची मागणी मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. कपात सूचना नावाला शंभर रुपयांची असते, पण तिच्या निमित्ताने खात्यावर बोलता येतं. पक्षाचा आदेश निघाला की पक्षांतरबंदी कायद्यामुळे मत ठरलेलंच. तेव्हा वाटेल, यात दम काय?

दम उत्तर वदवून घेण्यात आहे. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला माहिती मागवली जाते, आणि वर्षभर हलली नाही ती फाइल चार दिवसांत सापडते. लक्षवेधी सूचनेवर, म्हणजे तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, मंत्र्याने ‘तीन महिन्यांत पदं भरू’ असं म्हटलं, तर ते आश्वासन नोंदलं जातं आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा माग काढते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत येऊन दफ्तर तपासते. ‘पीआरसी येतेय’ म्हटल्यावर जिल्हा परिषदेत जी धावपळ उडते, ती पाहण्यासारखी असते. पुरवणी मागण्यांची, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितल्या जाणाऱ्या जादा खर्चाची, वेळ साधून अपुरी तरतूद वाढवूनही घेता येते. मात्र त्यासाठी मंत्र्याला अधिवेशनाआधी गाठावं लागतं.

विरोधी बाकावर बसला तर गावाचं नुकसान?

होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिल्हा नियोजनाची लेखणी पालकमंत्र्यांच्या हातात असते आणि २५१५ चा ओघही सत्तेकडे वळतो. २०२२ मध्ये सत्ता बदलली तेव्हा आधी मंजूर झालेल्या, पण सुरू न झालेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्यातून एक व्यावहारिक धडा मिळतो: कार्यारंभ आदेश झालेलं काम थांबवणं सरकारला अवघड जातं, नुसती मान्यता मिळालेलं सोपं. उलट प्रश्न, लक्षवेधी, समित्या ही आयुधं विरोधी आमदारालाही तेवढीच मिळतात. आणि ५ कोटींचा निधीही.

दुसरी एक गोष्ट विसरली जाते. मार्च २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर अनेक वर्षं प्रशासकच होते. सदस्य नसल्यामुळे शाळेच्या गळक्या छपरापासून सगळं गाऱ्हाणं आमदारापुढे गेलं, आणि उमेदवारांची पत्रकंही जिल्हा परिषद सदस्याने द्यावीत अशा वचनांनी भरली.

वचन मोडलं तर कोर्टात जाता येतं?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं की जाहीरनाम्यातली आश्वासनं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या अर्थाने भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. त्याच निकालात निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं होतं. ती आचारसंहितेत आली: वचनामागचं कारण आणि पैसा साधारण कुठून येणार हे जाहीरनाम्यात दिसायला हवं. पाळली जातात का, ते कुठलंही पत्रक उघडून पाहावं.

कागद मात्र मागता येतात. कामाच्या प्रशासकीय मान्यतेची, अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मिळते. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘गावात झालेल्या सर्व कामांची माहिती’ असं लिहू नये, उत्तर गोलमाल येतं. कामाचं नाव, लेखाशीर्ष आणि वर्ष लिहावं. रस्त्याच्या कामात दोषदायित्व कालावधी किती आहे तेही विचारून घ्यावं, कारण तेवढ्या काळात खड्डा पडला तर तो बुजवायचा ठेकेदाराने, स्वतःच्या खर्चाने.